आईंचा गुडघा, आंब्याच्या पेट्या आणि कुंभार्लीची वळणे

पुण्यात कोथरूडला राहणारे एक वाचक लिहितात : “माझे वय ४६. भोसरीत यंत्रांचे सुटे भाग बनवणारा माझा छोटा कारखाना आहे. गेली अकरा वर्षे हाताने गिअर टाकायची एकच डिझेल सेडान वापरतो आहे. आता ती बदलायची आहे. नोंदणी, विमा सगळे धरून पंचाहत्तर लाखांपर्यंत खर्च करता येईल. घरात पत्नी, सतरा वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा आणि शहात्तर वर्षांची आई. आईच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली. सोसायटीत पार्किंगची जागा एकच. महिन्या-दीड महिन्यातून गुहागर तालुक्यातल्या गावच्या घरी जाणे होते, मे महिन्यात परतताना आंब्याच्या पेट्या असतात आणि घराकडे जाणारा शेवटचा दीडेक किलोमीटर रस्ता कच्चा आहे. मला चालवताना मजा येईल अशी, थोडी ‘स्पोर्टी’ गाडी हवी आहे. पत्नी म्हणते, उंच, सात सीटची घ्या आणि हौस राहू द्या. मित्र इलेक्ट्रिकचा आग्रह धरतो. या वयात हौसेची गाडी मागणे हा हट्ट आहे का? नसेल, तर कोणती घ्यावी?”

सप्रेम नमस्कार.

शेवटून दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर लहान आहे. हा हट्ट नाही. अकरा वर्षे एकच गाडी नीट वापरणाऱ्या माणसाला पुढची गाडी मनासारखी घेण्याचा पूर्ण अधिकार आहे. शिवाय तुमच्या घरात गाडी सर्वांत जास्त वेळ तुम्हीच चालवणार आहात, आणि कंटाळलेल्या चालकापेक्षा रस्त्याकडे लक्ष असलेला चालक कुटुंबाच्याही सोयीचा असतो. मात्र ‘स्पोर्टी’ या शब्दाचा अर्थ तुम्ही नेमका काय धरता, हे पत्रातून कळत नाही, आणि पैसे वाया जातात ते बहुतेक या शब्दापायीच.

शोरूममध्ये हा शब्द दोन आकड्यांवर विकला जातो : इंजिनाची शक्ती आणि शून्यापासून शंभरचा वेग गाठायला लागणारे सेकंद. तुमच्या रस्त्यांवर या दोन्ही आकड्यांचा उपयोग फार थोडा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी कमाल मर्यादा ताशी १०० किलोमीटर आहे आणि २०२४ पासून तिथे कॅमेरे बसलेले आहेत. राज्यात सर्वाधिक म्हणजे १२० ची मर्यादा समृद्धी महामार्गावर आहे, आणि तो तुमच्या वाटेवर नाही. तुमची वाट म्हणजे साताऱ्याच्या रस्त्याने उंब्रजपर्यंत, तिथून पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट आणि चिपळूण. किंवा ताम्हिणी उतरून माणगाव आणि पुढे मुंबई-गोवा महामार्ग. या वाटांवर गाडीची परीक्षा ताशी चाळीस ते ऐंशी या पट्ट्यात होते. पुढे कांद्याचा ट्रक चढावर रांगतो आहे, समोर दीडशे मीटर मोकळा रस्ता दिसतो आहे आणि मागच्या सीटवर आई झोपलेल्या आहेत. त्या क्षणी पाय दाबल्यावर गाडी किती लवकर प्रतिसाद देते, वळणात शिरताना किती झुकते, ब्रेक पायाला किती बारकाईने कळतात आणि स्टेअरिंग हाताला रस्त्याबद्दल काय सांगते, यालाच मी स्पोर्टी म्हणतो. कमाल शक्तीपेक्षा कमी आरपीएमला, म्हणजे इंजिनाचे फेरे कमी असतानाच, मिळणारा टॉर्क (ओढ) इथे अधिक कामाचा असतो, आणि आजची टर्बो पेट्रोल इंजिने तो पंधराशे-सोळाशे आरपीएमपासूनच देऊ लागतात. म्हणून पुढे येणाऱ्या माझ्या यादीतल्या दोनशे आणि अडीचशे अश्वशक्तीच्या गाड्यांमध्ये तुम्हाला घाटात वाटणारा फरक हा बहुतांशी वजनाचा, उंचीचा आणि सस्पेन्शनचा असेल, शक्तीचा कमी.

आता गाडीच्या मागच्या सीटकडे येऊ. अशा प्रत्येक पत्राला उत्तर देताना मी तिथूनच सुरुवात करतो, कारण मागची सीट जमली नाही तर बाकीचे गुण मोजण्यात अर्थ नसतो. गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला गाडीत बसणे फारसे जड जात नाही. उतरणे जड जाते. सीट खूप खाली असेल तर उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो, आणि गाडी फार उंच असेल तर बसताना एक पाय उचलून आत घ्यावा लागतो व दुसरा अधांतरी राहतो. उभे असताना माणसाचे बूड ज्या उंचीवर असते, त्याच्या किंचित खाली सीट असली की तो नुसता टेकतो आणि वळून पाय आत घेतो. या कसोटीवर मध्यम उंचीच्या गाड्या पास होतात. अगदी ठेंगण्या स्पोर्ट्स सेडान आणि पायरी लागणाऱ्या थोराड एसयूव्ही, दोन्ही नापास होतात. मापे वाचून हे कळणार नाही. आईंना प्रत्यक्ष घेऊन जा, आणि त्यांना मदत करण्याचा मोह आवरून थोडे लांब उभे राहा. उतरताना त्यांचा हात कुठे जातो ते पाहा. दाराच्या वरच्या कडेला धरून त्या उठल्या तर जमले. पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी ओढून उठावे लागले, तर ती गाडी तुमच्या घरची नाही, मग तिची शक्ती कितीही असो.

इथे एक गोष्ट इलेक्ट्रिकवाल्या मित्रासाठी. बॅटरी तळाशी असल्याने बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांची आतली जमीन वर आलेली असते, पण सीट त्या प्रमाणात वर घेता येत नाही, कारण छताची उंची आड येते. परिणामी मागे बसणाऱ्याचे गुडघे वर येतात आणि मांडीखालचा आधार सुटतो. अर्ध्या तासाच्या प्रवासात हे जाणवत नाही, सहा-सात तासांच्या प्रवासात आईंना निश्चित जाणवेल. ठेंगण्या इलेक्ट्रिक सेडानमध्ये हा दोष सर्वांत जास्त, उंच गाड्यांमध्ये कमी.

तरीही मित्राचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. पैशांचा हिशेब त्याच्या बाजूने आहे. इलेक्ट्रिक गाड्यांवर ५ टक्के जीएसटी आहे, तर तुमच्या आवाक्यातल्या मोठ्या पेट्रोल गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. हाही दर पूर्वीपेक्षा कमीच आहे. त्याआधी २८ टक्के कर आणि वर २२ टक्क्यांपर्यंत उपकर होता. राज्याच्या धोरणाने इलेक्ट्रिक गाड्यांना मोटार वाहन करातूनही सूट दिलेली आहे. चाकणला बनणारी महिंद्राची एक्सईव्ही ९ई ही मोठ्या बॅटरीसह २८६ अश्वशक्तीची, मागच्या चाकांना शक्ती देणारी गाडी तीस लाखांच्या आसपास मिळते, म्हणजे तुमच्या रकमेच्या निम्म्याहून कमीत. पाय दाबला की ती जी झेप घेते, ती पाहून तुमचा मुलगा तिथेच निर्णय देऊन मोकळा होईल. पण इलेक्ट्रिक गाडी जड असते, आणि घाटात एकामागून एक वळणे आली की ते वजन स्टेअरिंगमधून कळते. सरळ रस्त्यावरची झेप आणि वळणातला तोल या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमची वाट वळणांची आहे. त्यातच गावाकडच्या घरी चार्जिंगची स्वतंत्र जोडणी आहे का आणि पावसाळ्यात तिथली वीज किती वेळ टिकते, हे तुम्हीच जाणता. पुण्यातल्या रोजच्या धावपळीसाठी दुसरी गाडी घ्यायची असती, तर मी डोळे मिटून इलेक्ट्रिक सुचवली असती. एकाच गाडीत सारे बसवायचे असल्याने आणि कोकणाची वाट ठरलेली असल्याने मी तुमच्यासाठी पेट्रोलकडे झुकतो.

तळाची उंची, ज्याला सारे ग्राउंड क्लीअरन्स म्हणतात, हा या निर्णयातला सर्वांत किचकट भाग आहे, तेव्हा थोडा वेळ त्यावर घालवू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे साधारण १७ मीटर त्रिज्येच्या कमानीसारखा असायला हवा. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये २.९६ मीटर अंतर असलेली लांब गाडी अशा गतिरोधकावर बरोबर मध्यात आली, तर तिच्या पोटाशी जमीन जेमतेम साडेसहा सेंटिमीटर वर येते. भूमितीतले साधे सूत्र वापरून तुम्हीही हे काढू शकाल. म्हणजे मानकानुसार बांधलेल्या गतिरोधकावर कोणतीही विकत मिळणारी गाडी घासता कामा नये. घासते, कारण आपल्याकडचे गतिरोधक गावकऱ्यांच्या रागाच्या प्रमाणात बांधलेले असतात. हात-दीड हात रुंद आणि वीतभर उंच अशा ओंडक्यावर त्रिज्येचा हिशेब चालत नाही. तिथे गाडीचे पोट आणि ओंडक्याचा माथा यांची थेट गाठ पडते, आणि पाच माणसे व सामान भरल्यावर तेच पोट आणखी दोन-तीन सेंटिमीटर खाली आलेले असते. म्हणून माहितीपत्रकातला क्लीअरन्सचा आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे आवर्जून विचारा. कंपन्या दोन्ही प्रकारे छापतात आणि त्यामुळे दोन गाड्यांची तुलना फसते.

तुमच्या कच्च्या रस्त्याचे मोजमाप तुम्ही स्वतः करू शकता. पुढच्या खेपेला घराच्या अलीकडे उतरा आणि टेप घेऊन चाला. दोन चाकोऱ्यांच्या मध्ये जो उंचवटा राहतो, त्याचा माथा चाकोरीच्या तळापासून किती वर आहे ते तीन-चार ठिकाणी मोजा, आणि जिथे जांभा उघडा पडला आहे तिथे जरूर मोजा, कारण माती दबते, कातळ दबत नाही. दहा-अकरा सेंटिमीटरच्या आत असेल तर सेडानचा विचार चालू ठेवा. पंधराच्या वर असेल तर सेडान विसरा. किंवा ग्रामपंचायतीची वाट न पाहता चार डंपर मुरूम टाकून रोलर फिरवण्याचा खर्च विचारून घ्या. हे मी गमतीने लिहीत नाही. पंचाहत्तर लाखांच्या हिशेबात ती रक्कम किरकोळ आहे आणि तिचा फायदा वाडीतल्या सगळ्यांना होतो.

टायरबद्दलही तितकेच काटेकोर राहा. टायरच्या कडेवर २२५/४० आर१८ असे काही लिहिलेले असते. त्यातला ४० म्हणजे टायरची रबरी बाजू रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९० मिलिमीटर. २३५/५५ आर१८ असेल तर तीच बाजू १२९ मिलिमीटर होते. खड्ड्याची धार बसते तेव्हा रिम आणि रस्ता यांच्या मध्ये एवढेच रबर असते. ठेंगण्या टायरची गाडी वळणात छान चालते आणि खड्ड्यात महाग पडते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे अशीच एक ठेंगणी, चपळ हॅचबॅक होती. जुलैत मुळशीच्या पुढे, पाण्याने भरलेल्या खड्ड्यात पुढचे डावे चाक गेले आणि टायरची बाजू बोटभर फाटली. डिकी उघडून पाहतो तर जादा चाकाच्या जागी एक डबी आणि हवेचा छोटा पंप. पंक्चरला ती डबी चालते, फाटलेल्या बाजूला तिचा काही उपयोग नाही. गाडी ट्रकवर चढवून पुण्याला आणली, आणि त्या मापाचा टायर यायला नऊ दिवस लागले. विकताना यातले कोणी काही सांगितले नव्हते. विचारले मीही नव्हते. तेव्हा तुम्ही विचारा : डिकीत जादा चाक आहे का, असल्यास पूर्ण मापाचे की ताशी ८० च्या वर न चालवता येणारे बारीक, आणि त्या मापाचे टायर पुण्यात दुकानात असतात की मागवावे लागतात.

आता गाड्यांची नावे. तुमच्या गरजांवर जी गाडी जवळजवळ मापून बेतल्यासारखी बसते, ती आज शोरूममध्ये नाही. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस : २६५ अश्वशक्ती, मागचे काचेसकट वर उघडणारे दार, ६०० लिटरची डिकी. ऑक्टोबर २०२५ मध्ये ४९ लाख ९९ हजारांना अवघ्या शंभर गाड्या भारतासाठी आल्या आणि त्या आधीच नोंदवल्या गेल्या होत्या. दर काही वर्षांनी ही कंपनी मोजक्या आरएस आणते, त्या उडून जातात आणि पुढची तीन वर्षे लोक जुन्या शोधत फिरतात. २०२० साली आलेल्या दोनशेंपैकी एखादी वापरलेली मिळू शकेल, पण तिच्या मालकाने तिचा कुठे आणि कसा वापर केला हे शोधणे हे वेगळेच काम आहे. ज्यांच्याकडे एकच गाडी असणार आहे, त्यांनी त्या भानगडीत पडू नये.

तिचेच भावंड म्हणता येईल अशी फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, तेवढ्याच शक्तीची, मे २०२५ मध्ये सुमारे ५३ लाखांना आयात होऊन आली. माझ्यासारख्या माणसाला ती फार प्यारी आहे. शहरात ती लहान वाटते, घाटात ती हाताच्या पंजाएवढी होते. पण मागच्या सीटवर तिघे म्हणजे आई मध्ये किंवा मुलगा मध्ये, आणि दोन्ही वाईट. डिकी ३८० लिटरची आहे, त्यात पाच माणसांच्या बॅगा बसल्या की आंब्याची एक पेटीही जाणार नाही. तुम्ही दोघेच असता तर पुढचे काही न वाचता तीच घ्या म्हणालो असतो.

उरतात माझ्या मते दोन. पहिली बीएमडब्ल्यूची लांब केलेली ३ सिरीज, ३३०एलआय. मागच्या चाकांना शक्ती, दोन लिटरचे २५८ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क आणि आठ गिअर. साध्या ३ सिरीजपेक्षा तिच्या चाकांमधले अंतर ११० मिलिमीटरने जास्त आहे, आणि ते सगळे अंतर मागे बसणाऱ्याच्या पायांपाशी आणि मागच्या दारांच्या रुंदीत गेले आहे. रुंद दार म्हणजे आईंना पाय वळवून बाहेर काढायला जागा. ही गाडी चेन्नईला जुळवली जाते, त्यामुळे किंमत साठ लाखांच्या आसपास राहते. वळणात शिरताना स्टेअरिंगचे जे आश्वासन मिळते, ते या किमतीत दुसरीकडे मला मिळालेले नाही. दोष दोन : सीट खाली आहे, आणि लांब पोट गतिरोधकावर घासण्याची भीती आहे. तिची थोरली बहीण एम३४०आय ही ३७४ अश्वशक्तीची आणि चारही चाकांना शक्ती देणारी आहे. मित्रमंडळी तुम्हाला तिच्याकडे ओढतील. ती तुमच्या पंचाहत्तर लाखांत बसत नाही आणि तिची वाढीव शक्ती कुंभार्लीत वापरता येत नाही. राहू द्या.

दुसरी, स्कोडा कोडियाक. नवी पिढी एप्रिल २०२५ मध्ये आली, छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्याला जुळवली जाते. २०४ अश्वशक्ती, ३२० न्यूटन-मीटर, चारही चाकांना शक्ती, सात सीट. वहिनींची मागणी तिथल्या तिथे पूर्ण होते, सीटची उंची आईंना सोयीची आहे, टायर जाड आहेत आणि कच्च्या रस्त्याची चिंता संपते. ही स्पोर्ट्स कार नाही, आणि विक्रेता तसे म्हणाला तरी मानू नका. पण आपल्या आकाराच्या मानाने ती वळणात कमी झुकते आणि ओल्या घाटात चारही चाके ओढत असल्याने मोठा विश्वास देते. तिसरी रांग ही मुलांच्या वयाच्या माणसांसाठीच आहे आणि ती उघडली की डिकी नावालाच उरते, म्हणून तिला पाच सीटची मोठी गाडी समजूनच विकत घ्या.

या दोन्हींपैकी काहीही नोंदवण्याआधी एक विचित्र वाटणारे काम करा. फोक्सवॅगनची व्हर्टस, दीड लिटर १५० अश्वशक्तीच्या इंजिनाची, हाताने गिअर टाकायची, एकदा ताम्हिणीपर्यंत चालवून या. ती चाकणलाच बनते, तळाची उंची १७९ मिलिमीटर आणि डिकी ५२१ लिटर आहे, आणि सगळे मिळून ती तुमच्या रकमेच्या तिसऱ्या हिश्श्यात येते. ती घ्याच असे मी म्हणत नाही. मागे तीन जण सहा तास बसणार असतील तर ती अरुंद आहे. पण तुम्ही अकरा वर्षे हाताने गिअर टाकत आला आहात, आणि तुमची मजा क्लच-गिअरमध्ये होती की इंजिनात, हे तुम्हाला तिथे समजेल. माझ्या ओळखीच्या दोघांनी महागड्या ऑटोमॅटिक गाड्या घेतल्यावर वर्षभरात कबूल केले की त्यांना गिअरचा दांडाच हवा होता. साठ लाखांच्या गाडीत तो आता मिळत नाही, आणि हे आधीच माहीत असलेले बरे.

टेस्ट ड्राइव्ह हा आपल्याकडे उरकण्याचा प्रकार झाला आहे : बाणेरला एक फेरी, दोन सिग्नल, एसी गार आहे ना, आणि सही. तुम्ही सकाळी लवकरची वेळ लेखी मागा आणि चांदणी चौक, पिरंगुट, मुळशी, ताम्हिणी असा फेरा करा. पाचही जणांना घेऊन जा. डिकीत दोन रिकाम्या लाकडी पेट्या टाका. पाहायचे ते डिकीच्या लिटरचे आकडे नसून तिचे तोंड किती रुंद आहे आणि काठ किती उंच आहे हे, कारण भरलेली पेटी काठावरून आत सरकवताना कंबर कोणाची जाते ते तुम्ही जाणता. वाटेत वहिनींना अर्धा तास चालवू द्या. उतारावर गिअर हाताने खाली घेऊन, इंजिनाच्या ओढीवर गाडी किती संयमाने उतरते ते पाहा. ब्रेकवर पाय ठेवून घाट उतरायची सवय ऑटोमॅटिकमुळे लागते आणि ती वाईट आहे. येताना मुलाला उलटी झाली नाही, तर सस्पेन्शन चांगले आहे असे मी धरतो. याहून खात्रीचे यंत्र अजून निघालेले नाही.

पैशांबाबत दोनच गोष्टी सांगतो. महाराष्ट्रात वीस लाखांवरच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर १३ टक्के एकरकमी कर लागतो, तीच गाडी कंपनीच्या नावे घेतली तर २० टक्के. साठ लाखांवर हा फरक चार लाख वीस हजारांचा होतो. कारखान्याच्या नावावर घेऊन घसारा दाखवा असा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईलच. तेव्हा हा फरक आणि प्रवासी मोटारीवर भरलेल्या जीएसटीची वजावट सहसा मिळत नाही ही बाब सीएंसमोर ठेवूनच हिशेब करा. वैयक्तिक नावावर ३३०एलआय घेतली, तर किंमत साठ लाख, कर सात लाख ऐंशी हजार, दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता आगाऊ गोळा करतो तो एक टक्का प्राप्तिकर म्हणजे टीसीएस, जो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, आणि विम्याचे दोनेक लाख असे धरून सत्तरच्या थोडे वर आकडा जातो. कोडियाक यापेक्षा पंधरा-वीस लाखांनी खाली थांबते.

विम्यात इंजिनाचे संरक्षण वेगळे मागून घ्या. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले तेव्हा किती गाड्या बुडाल्या, हे तुमच्या वाटेवरच्या माणसांना विचारावे लागत नाही. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला आणि इंजिनात पाणी ओढले गेले, तर ते नुकसान साध्या विम्यात बहुधा भरून मिळत नाही. टायरचे संरक्षणही घ्या, कारण वर सांगितलेच.

माझा कौल विचाराल तर तो तुमच्या टेपवर आणि आईंच्या हातावर अवलंबून आहे. चाकोरीतला उंचवटा अकराच्या आत निघाला आणि आई दाराच्या कडेला धरून एकट्या उतरल्या, तर ३३०एलआय घ्या, आणि वहिनींना सांगा की सात सीटची गरज वर्षातून दोनदा पडते व त्या दोन वेळी भाड्याची गाडी मिळते. दोहोंपैकी एकही गोष्ट फसली, तर कोडियाक घ्या आणि वाचलेल्या पैशांतून स्वतःसाठी, आणि अठरा पूर्ण झाल्यावर मुलीसाठीही, गाडी हाताळण्याचे रीतसर प्रशिक्षण घ्या. कोइमतूर आणि चेन्नईच्या ट्रॅकवर असे दिवस भरतात. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली की हातांनी काय करायचे हे तिथे शिकवतात, आणि ते शिकून आलेला माणूस कोडियाकमध्येही कुंभार्ली मजेत उतरतो.

नोंदणीची घाई मात्र करू नका. गावी पुढची खेप कधी आहे ते पाहा, टेप बरोबर न्या, आणि मोजलेले आकडे मला कळवा. उंचवटा अकरा आणि पंधराच्या मध्ये कुठे निघाला, तर पुन्हा लिहा. मग मुरमाचा हिशेब आपण दोघे मिळून करू.